सिस्टर आणि साहेबांचा राउंड

सिस्टर रोज दुपारी पावणेपाच वाजता जमिनीवर रांगायच्या. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, अंगावर स्वच्छ सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि हातात टॉर्च. पुढच्या खोलीतून निघायच्या, सोफ्याखाली डोकं घालायच्या, पलंगाच्या कडेकडेनं जायच्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून जरा दम खायच्या आणि मग माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणायच्या, "अनघा, पाय वर घे. तुझ्या टेबलाखालचं बघायचंय." पाचच्या ठोक्याला ससा बाहेर यायचा. तो येण्याआधी त्याच्या उंचीवरून घर कसं दिसतं ते बघून ठेवायचं, हा त्यांचा नियम होता. "उभ्यानं घर बघितलं की नुसती धूळ दिसते," त्या म्हणायच्या. "टाचणी दिसायची तर खालीच उतरावं लागतं."

त्यांचं नाव रत्नमाला साळवे आहे हे मला विजेच्या बिलावरून कळलं. गाझियाबादच्या त्या गल्लीत भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'सिस्टरजी' म्हणत. मिरजेत नर्सिंग शिकून बाविसाव्या वर्षी पत्र्याची एक ट्रंक घेऊन त्या दिल्लीला आल्या आणि एका मोठ्या सरकारी इस्पितळात छत्तीस वर्षं राहिल्या. त्यातली शेवटची पंधरा लहान मुलांच्या वॉर्डात. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर गाझियाबादेत तळमजल्यावरचं हे दोन खोल्यांचं घर घेतलं. त्यांची मराठी मिरज सोडली तेव्हा होती तिथंच थांबली होती. फडताळ, मोरी, कोनाडा हे शब्द मी आजीनंतर त्यांच्याच तोंडून ऐकले. मात्र वरून दिल्लीची फोडणी बसलेली होती. "चलो, फडताळातली परात काढ बघू," असं वाक्य त्या अगदी सहज बोलायच्या, आणि त्यात काही गंमत आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आले ती मार्च महिन्यात. नोएडात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम होतं. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून. पुण्यात माझं ठरलेलं लग्न पत्रिका वाटून झाल्यावर मोडलं होतं. कुणी काही विचारणार नाही अशा गावी जायचं म्हणून मी बदली मागून घेतली होती. सिस्टरनी खरंच काही विचारलं नाही. पहिले कित्येक दिवस मी खोलीतच जेवायची. दाराबाहेर स्टुलावर ताट झाकून ठेवलेलं असायचं. दारावर टकटक नाही की हाक नाही. फक्त स्वयंपाकघरातून भांड्यांपेक्षा थोडा मोठा आवाज यायचा, "आमटी गार होते म्हणे लवकर." कुणाला उद्देशून ते तुम्हीच ठरवा.

ससा आला मे महिन्यात. वरच्या मजल्यावर पीहू नावाची आठ वर्षांची मुलगी राहायची. तिच्या वाढदिवसाला कुणीतरी ससा आणून दिला होता. शाळेला सुट्टी लागली, पीहू बरेलीला आजीकडे गेली आणि सशाचा पिंजरा गेला बाल्कनीत. एका दुपारी, बाहेर लूचा भाजणारा वारा वाहत असताना, सिस्टर कपडे काढायला अंगणात गेल्या आणि त्यांनी वर पाहिलं. सरळ उन्हात पिंजरा. त्यात पांढरं काहीतरी कान पाडून बसलेलं. त्या तशाच जिना चढून वर गेल्या. दहा मिनिटांनी खाली उतरल्या तेव्हा दोन्ही हातांनी पिंजरा छातीशी धरलेला होता. "मी फक्त म्हटलं, सावलीत ठेवा," त्या मला सांगू लागल्या. "तर पीहूची आई म्हणते, आंटी, आप ही रख लो, मुझसे नहीं होता. बिचारी दमलेली दिसली. घेऊन आले."

मी ससा म्हटल्यावर तुरुतुरु पळणारं काहीतरी डोळ्यांपुढे आणलं होतं. हा ससा हलतच नव्हता. सिस्टरनी पिंजरा पुढच्या खोलीत भिंतीशी ठेवला, त्याचं दार उघडलं, दाराला दोरी बांधून ते परत लागणार नाही अशी व्यवस्था केली आणि स्वतः तीन हात लांब फरशीवर मेथी निवडायला बसल्या. ससा मागच्या कोपऱ्यात तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्या तिथंच बसून गवार मोडत होत्या. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र. मी न राहवून म्हटलं, "अहो, काढा ना त्याला बाहेर. नाहीतर कोथिंबीर तरी दाखवा."

"नको. ओढून बाहेर काढलेलं पोर पुन्हा पलंगाखाली जाऊन बसतं. वॉर्डात काय कमी बघितलीत? दार उघडं ठेवायचं आणि आपण आपलं काम करायचं. त्याला पाय आहेत."

ससा बाराव्या दिवशी बाहेर आला. सिस्टर बटाटे सोलत होत्या. त्यानं आधी नाक बाहेर काढलं, मग एक पाय, मग अंग लांबच लांब ताणून पुढचं अर्धं शरीर, आणि मागचा भाग मात्र पिंजऱ्यातच, धोका दिसला तर परत जाता यावं म्हणून. शेवटी मागचे पायही बाहेर काढून तो सिस्टरच्या पावलापर्यंत पोचला आणि साडीची किनार हुंगून मागं पळाला. सिस्टरनी मान वर केली नाही. बटाट्याचं साल तेवढं जरा लांबलं. बाहेर यायला सशाला बारा दिवस लागले. मला किती लागले ते त्यांनी मोजलं असेल, पण सांगितलं कधी नाही. त्याच आठवड्यात कधीतरी मी माझं ताट घेऊन पुढच्या खोलीत जेवायला बसू लागले, एवढं मला आठवतं.

मग त्याला घराचं वेड लागलं. रोज पाच ते सात तो फिरायचा. आधी एक खोली, मग दोन, मग स्वयंपाकघर. सिस्टर त्याला 'साहेब' म्हणू लागल्या, कारण त्याची चाल हुबेहूब त्यांच्या जुन्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांसारखी होती. दोन पावलं, थांबणं, हुंगणं, नापसंतीनं मान फिरवणं आणि पुढं. "साहेब राउंडला निघाले," असं म्हणून त्या भिंतीला टेकून बसायच्या. वाटेत लागेल त्या वस्तूवर तो हनुवटी घासायचा. खुर्चीचा पाय, फ्रिजचा कोपरा, माझी चप्पल. ससे असं करून आपली खूण ठेवतात हे सिस्टरनी कुणाकडून तरी माहीत करून घेतलं होतं. "झाली सही," त्या म्हणायच्या. "आता हे त्यांच्या ताब्यातलं." गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरायचे, म्हणून त्यांनी जुन्या चादरी शिवून या दारापासून त्या दारापर्यंत एक वाटच तयार केली. विजेच्या वायरींना झाडांना पाणी घालायच्या पाइपाचे तुकडे उभे चिरून घातले. फ्रिजमागे विटा लावल्या. त्या घरात माणसांसाठी इतकी सोय केलेली मी पाहिली नाही.

एकदा मी पुढच्या खोलीत फोनवर बोलत होते. साहेब पलीकडे चादरीवर बसले होते. एकाएकी, कुणी ढकलावं तसे, धाडकन कुशीवर पडले. डोळे अर्धे उघडे, पाय ताठ. मी किंचाळले. सिस्टर पिठाच्या हातांनी धावत आल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्यावरच डाफरल्या.

"हळू! जागा होईल."

"अहो, मेला तो!"

"झोपलाय. हे असेच आडवे होतात. पण भीती असली की होत नाहीत." त्या तिथंच उकिडव्या बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आज पहिल्यांदा पडला बघ. महिना झाला."

माझ्याशी मात्र साहेबांचं एकदा चांगलंच वाजलं. जूनमधली गोष्ट. सिस्टर टेबलाखाली बघायला आल्या तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, म्हणून हातानंच 'जा' अशी खूण केली. चार्जरची वायर जमिनीवर होती. अर्ध्या तासानं लॅपटॉपनं मान टाकली. खाली पाहिलं तर वायर दोन ठिकाणी स्वच्छ तुटलेली आणि साहेब मिशा साफ करत बसलेले. मी ओरडले. सिस्टर आल्या. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग सशाला मांडीवर घेऊन त्याचे ओठ उघडून आत टॉर्च मारला. कुठं भाजलं नाही अशी खात्री झाल्यावर माझ्याकडे वळल्या.

"हात दाखवायचा नाही मला. मी नर्स होते, झाडूवाली असते तरी दाखवायचा नाही."

"पण सिस्टर, माझं सगळं काम..."

"चूक कुणाची? ज्यानं चावलं त्याची की ज्यानं खाली ठेवलं त्याची?" आणि थोड्या वेळानं, चहा पुढं ठेवत, "चलो, जाऊ दे. तुला लागलं नाही ना कुठं?"

जुलैत शाळा उघडली आणि पीहू परत आली. आईनं तिला सांगितलं होतं की स्नोई, म्हणजे तिचा ससा, जंगलात त्याच्या मम्मीकडे गेला. परत आली त्याच संध्याकाळी ती सायकल ठेवायला खाली आली. पुढच्या खोलीच्या खिडकीला डासांची जाळी होती. त्या जाळीला नाक लावून ती आत पाहत राहिली, आणि मग असा हंबरडा फोडला की गल्लीतले लोक बाहेर आले. तासाभरानं तिचे पप्पा तिचा हात धरून आमच्या दारात उभे. सभ्य माणूस, अवघडलेला.

"आंटी, बुरा मत मानिए. पर ये पीहू का है."

सिस्टर म्हणाल्या, "देने से पहले पीहू से पूछा था?"

पीहूनं जोरात मान हलवली, नाही.

"तो फिर ले जाइए."

त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत हिंदीत चार गोष्टी लिहून दिल्या. सावली. सुकं गवत, भरपूर. गाजर ही मिठाई समजून कधीतरीच. आणि चौथी, रोज दोन तास घरात मोकळं सोडणं. कागदाची घडी पीहूच्या पप्पांनी खिशात घातली. वरून नवा, गुलाबी, दुमजली पिंजरा आला आणि साहेब त्यातून वर गेले.

दार लागताच मी सिस्टरवर भडकले. "दिलात कसा तुम्ही? त्यांनी उन्हात मारला असता त्याला! तुम्ही वाचवलात!"

"पोरीला विचारलं नव्हतं, अनघा. तिच्या पाठीमागं दिलेलं ते दिलेलं नसतं."

"आणि त्याचं काय? सशाचं?"

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला त्यांनी सवयीनं टॉर्च उचलला, एक गुडघा टेकला, आणि मग खुर्चीला धरून परत उभ्या राहिल्या. "सवय," एवढंच म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं. चादरींची वाट आम्ही दोघींनीही उचलली नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सिस्टर चर्चला निघाल्या होत्या. पांढरी साडी, काळी पर्स. बेल वाजली. दारात पीहू एकटी, रात्रीच्याच कपड्यांत, अनवाणी.

"आंटी, स्नोई कल से कुछ नहीं खा रहा. पॉटी भी नहीं की."

सिस्टरनी पर्स खाली ठेवली. फडताळाच्या वरच्या खणातून त्यांनी एक जुना स्टेथोस्कोप काढला, तो त्यांच्याकडे आहे हे मला माहीतही नव्हतं, आणि म्हणाल्या, "चलो."

वर पिंजरा दिवाणखान्यात होता. सावली होती, एसी होता, गवत होतं. ससा कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला होता आणि दात करकर वाजवत होता. पीहूची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. पप्पा सिस्टरना म्हणाले, "आंटी, जो लिखा था सब किया."

"चौथी बात?"

"वो... मार्बल नया है. सोफा भी..."

सिस्टर खाली बसल्या आणि सशाच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मराठीत, मला उद्देशून म्हणाल्या, "पोट गप्प आहे." सशाचं पोट एकदा थांबलं की दिवसभरातही जीव जाऊ शकतो, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. मी पटकन फोनवर नोएडातला रविवारी उघडा असलेला एक जनावरांचा दवाखाना शोधला. गाडी पीहूच्या पप्पांनी काढली. पुढं त्यांच्या शेजारी मी, मागच्या सीटवर सिस्टरच्या मांडीवर टोपलीत ससा आणि शेजारी पीहू.

"मर जाएगा?" पीहूनं विचारलं.

मला वाटलं, आता त्या नाही म्हणणार. आपण सगळे म्हणतो. सिस्टर म्हणाल्या, "मर सकता है. अभी मरा नहीं है. अभी जो करना है, वो करेंगे. तू इसके कान पर हाथ रख. गरम है ना? ठंडा लगे तो मुझे बताना." नोएडा येईपर्यंत पीहूनं तो हात हलवला नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं वेदनेचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन दिलं, दर दोन-तीन तासांनी बिनसुईच्या पिचकारीतून भरवायला पातळ लगदा दिला आणि म्हणाली, "और इसको चलाइए. ये चलेगा तो पेट चलेगा. पिंजरे में मत रखिए."

परत आल्यावर पीहूचे पप्पा तळमजल्यावर आमच्या दारापाशी थांबले. टोपली आता आत जाणार असं त्यांनी धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही. सिस्टर मात्र जिना चढू लागल्या.

"आंटी, आपके यहाँ..."

"इसका घर ऊपर है," त्या मागं न बघता म्हणाल्या.

वर जाऊन त्यांनी चर्चच्या पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि त्या नव्याकोऱ्या संगमरवरावर दोन्ही गुडघे टेकले. "टॉर्च लाइए." टॉर्च नव्हता, पीहूच्या पप्पांनी मोबाइलचा उजेड धरला. पहिली दोन मिनिटं ते उभ्यानंच उजेड पाडत होते. मग सिस्टर टीव्हीच्या कपाटाखाली शिरल्या आणि "यहाँ देखिए" म्हणाल्या, तेव्हा त्यांनाही वाकावं लागलं, आणि वाकून भागेना तेव्हा बसावं लागलं. कपाटाखाली एक स्टेपलची पिन, एक बॅटरीचा सेल आणि वायरींचा गुंता होता. मी खालून पाइपाचे तुकडे आणले. पीहूच्या आईनं आधी चादरी आणल्या, त्या घसरू लागल्या तेव्हा आत गेली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, लग्नापासून कधी न उघडलेला गालिचा घेऊन आली. "पड़ा ही है," ती म्हणाली आणि स्वतःच तो सोडवू लागली.

सगळं झाल्यावर आम्ही पाच जण भिंतींना टेकून फरशीवर बसलो. सिस्टरनी बजावलं, कुणी हाक मारायची नाही, कुणी उचलायचं नाही. भरवायची वेळ झाली की पिचकारी पीहूच्या हातात दिली आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. "धीरे. पहले होंठ भीगने दे. निगल लिया? अब और." अर्धा लगदा सशाच्या छातीवर, अर्धा पीहूच्या कपड्यांवर. दुपार तशीच गेली. चारच्या सुमारास तो तीन पावलं चालला आणि थांबला. मग गालिच्याच्या कडेकडेनं गेला. मग टीव्हीच्या कपाटाच्या पायावर त्यानं हलकेच हनुवटी घासली. सिस्टरनी माझा हात दाबला.

साडेपाचला तो सोफ्यामागं गेला. तिथं कुणाचा हात पोचेना म्हणून पीहूचे पप्पा पालथे झोपून, गाल फरशीला लावून, मोबाइलच्या उजेडात आम्हाला बातम्या देऊ लागले.

"चल रहा है... रुक गया... कान साफ कर रहा है... आंटी!"

"क्या हुआ?"

"हो गया!" ते ओरडले. "आंटी, हो गया! पॉटी हो गई!"

पोराचा दहावीचा निकाल ओरडून सांगावा तसा तो आवाज होता. पीहू उड्या मारू लागली. तिच्या आईनं चक्क टाळ्या वाजवल्या. सिस्टरनी सगळ्यांना "शोर नहीं!" म्हणून दटावलं, ती काळ्या मिरीएवढी गोळी कागदावर मागवली, चष्मा लावला आणि खिडकीशी नेऊन सोनार बघतो तशी पाहिली. "छोटी है," त्या म्हणाल्या, "पर है." चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला, आणि मग डोळेही.

साहेब वाचले. त्यानंतर त्यांची दोन घरं झाली. सकाळी पीहू शाळेत आणि तिचे आईबाप कामावर गेले की ते टोपलीतून खाली यायचे. दुपारी पीहू त्यांना घेऊन जायची. राउंड दोन्हीकडे. वरच्या घरातला गालिचा दोन कोपऱ्यांत कुरतडला गेला, सोफ्याचं खालचं अस्तर लोंबू लागलं, पण पिंजरा मात्र भंगारात गेला. संध्याकाळी मी कधी वर गेले तर पीहूचे पप्पा ऑफिसच्या कपड्यांत गालिच्यावर बसलेले असायचे आणि त्यांच्या पायमोज्यावर सही चाललेली असायची. त्या घरात चहासुद्धा खालीच बसून प्यायला जाऊ लागला.

सिस्टरच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांना दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर घेऊन गेले. तिथल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात मराठी जेवण मिळतं. भरली वांगी, बाजरीची भाकरी, वर खर्डा. पहिला घास घेऊन त्यांनी पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "आमच्या आईच्या हातचा खर्डा असाच नाकातून पाणी काढायचा." पण पुरणपोळी यायची होती तोवर त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. पीहूची परीक्षा होती, म्हणून त्या दिवशी साहेब खालीच होते. "बांधून घेऊ या का? पाच वाजायच्या आत पोचलं पाहिजे." मी म्हटलं, एक दिवस उशीर झाला तर काय होईल? "काही होणार नाही," त्या पर्स उचलत म्हणाल्या. "तो वाट बघेल, एवढंच." पुरणपोळी आम्ही मेट्रोत खाल्ली.

त्या घरात मी अडीच वर्षं राहिले. मिरजेला सिस्टरचे धाकटे भाऊ होते. त्यांची बायको गेली आणि ते एकटे पडले, तेव्हा सिस्टरनी घर विकायचं ठरवलं. मला सांगितलं ते भाजी निवडताना, जशी काही उद्या कोबी करायचाय असं. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पीहूला वही घेऊन बोलावलं. इस्पितळात ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला चार्ज देते, तसा त्यांना द्यायचा होता. त्या पांढरी साडी नेसून सरळ उभ्या राहिल्या. पीहू समोर.

"नाम?"

"साहब." स्नोई हे नाव तिनं केव्हाच सोडलं होतं.

"खाना?"

"घास ज्यादा, पत्ते थोड़े, गाजर संडे को."

"डरता किससे है?"

"कुकर की सीटी से. और पटाखों से. दिवाली में बाथरूम में उसके साथ बैठना है, बत्ती जलाकर."

"कब बुलाना है?"

पीहूनं जरा विचार केला. "बुलाना नहीं है. आ जाता है."

सिस्टरनी वहीत सही केली, खाली पीहूनं गोल अक्षरांत केली. "अब मेरी ड्यूटी खत्म," असं म्हणून त्या ट्रंक भरायला गेल्या. सकाळी निजामुद्दीन स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. ट्रंक पीहूच्या पप्पांनी कुणाला उचलू दिली नाही. गाडी हलली तेव्हा पीहूची आई जास्त रडली, हे सांगायला हवं.

आता मी नोएडात माझ्या स्वतःच्या घरात राहते. एकटी राहते आणि बरी राहते. रविवारी चर्चहून आल्यावर सिस्टरचा फोन येतो. भावाच्या तक्रारी असतात, मिरजेच्या उन्हाच्या असतात, आणि बोलताना मधूनच "चलो" आलं की भाऊ मागून हसलेला ऐकू येतो. साहेब गेल्या हिवाळ्यात गेले. दोन दिवस आजारी होते. औषध झालं, भरवणं झालं, या वेळी पोट चाललं नाही. पीहू आता बारा वर्षांची आहे. तिनं ही बातमी मला सांगण्याआधी मिरजेला फोन केला, आणि तेच बरोबर होतं. दोघी किती वेळ बोलल्या, काय बोलल्या, मी विचारलं नाही. पण त्या रविवारी सिस्टरनी आपण होऊन सांगितलं.

"मी आपली तिला धीर द्यायला बसले होते, अनघा. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. ती रडली थोडा वेळ. मग नाक ओढून मलाच विचारते, आंटी, आपने खाना खाया? मी म्हटलं, नहीं बेटा, आज भूख नहीं. तर म्हणते, थोड़ा सा खाइए, मैं फोन पकड़के बैठती हूँ."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," सिस्टर म्हणाल्या, "उठले, पान वाढून घेतलं आणि जेवले."